अंगणासकट घर चंपाबाईला

मी, आक्काबाई मुंजाबा शिंगाडे, वय अंदाजे एकसष्ट, राहणार मुकुंदवाडी, औरंगाबाद, डोकं ठिकाणावर असताना, कुणीही न पढवता, हे मृत्युपत्र अप्पारावांकडून लिहवून घेत आहे. ते आले तेव्हा मी अंगणात घोंगडीवर बसून वाटाणे सोलत होते. एकटीपुरते, मूठभर. ते म्हणाले, "आत बसू." मी म्हटलं, "अकरानंतर ऊन जातं. इथंच लिवा."

१) यजमान वारले. मूलबाळ नाही. घोंगडी सासऱ्यांनी स्वतः विणलेली आहे, ती माझ्यावरच टाकावी. रेडिओ पारूबाईला द्यावा. दुपारी मी तो लावते तेव्हा ती भिंतीपलीकडून "मोठा कर" म्हणते. दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणी बोलतं.

२) दोन खोल्या व पुढील अंगण माझ्या कमाईचं आहे. ते शेजारीण चंपाबाई किसन साळवे हिला द्यावं. कारण लिहिणं भाग आहे, नाहीतर माझा भाऊ साहेबराव म्हणेल, म्हातारी भ्रमिष्ट झाली.

आम्ही दोघी एकाच गावच्या, आणि इथं चिकलठाण्याला एकाच कारखान्यात पॅकिंगला होतो. तिच्या दारात ऊन येत नाही. म्हणून हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी ती माझ्या अंगणात यायची. आम्ही एकमेकींच्या डोक्याला तेल लावायचो, बोरं खायचो. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल झाली. आमच्या गावातली बौद्ध वस्ती जाळली. त्यात तिचं माहेर गेलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर साहेबराव गावाकडून तांब्याचा हंडा घेऊन आला. "कुठून आणला रे?" "तुला काय करायचं? थंडीचं पाणी तापव." मनात पाल चुकचुकली. तरी तापवलं, अंगावर घेतलं. लई बरं वाटलं, हेही लिहावं.

मला वाचता येत नाही. चंपाला येतं. हंड्याच्या काठावर तिच्या बापाचं नाव कोरलेलं होतं. सुट्टीच्या दिवशी अंगणात तेल लावून घेता घेता तिनं त्यावरून बोट फिरवलं. "आक्का, ह्यो कुठला?"

"जुन्या बाजारातला," मी म्हणाले.

ती केस मोकळेच घेऊन उठली. दुसऱ्या दिवशी मी हंडा तिच्या दारी नेला. "हंडा देतीस, माहेर कुठून देशील?" एवढं बोलून तिनं हंडा आत घेतला आणि दार लावलं. त्याला सोळा हिवाळे झाले. यंदा संक्रांतीला विद्यापीठाला नाव लागलं, तेव्हा तिनं गल्लीत पेढे वाटले. माझा उंबऱ्यावर ठेवून गेली.

३) साहेबरावाला काहीही देऊ नये. हंडा त्यानं आणला आणि खोटं मी बोलले.

४) चंपावर कसलीही अट नाही. घर विकावं, पाडावं, तिची मर्जी.

अप्पारावांना म्हटलं, "साक्षीला चंपाला बोलवा." त्यांनी पेन खाली ठेवला. "जिला घर द्यायचं, तिचीच साक्ष चालत नाय, आक्का."

सोळा वर्षांत तिला हाक मारायला हेच एक निमित्त सापडलं होतं.

डाव्या हाताचा अंगठा : आक्काबाई मुंजाबा शिंगाडे
साक्षीदार : १) पुंजाराम, किराणा दुकानदार २) गीताबाई, समोरच्या घरातल्या
लिहिणार : अप्पाराव
मुकुंदवाडी, औरंगाबाद. २५ डिसेंबर १९९४