उलटं चालताना

प्रिय आई,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलंयस, म्हणून हे पत्र. रागावली असशील तर खुशाल राग धर, पण मला एक कोडं पडलंय आणि ते तुझ्याशिवाय कुणालाच सुटायचं नाही.

परवाच्या मोर्चात मी नेहमीसारखी सगळ्यांच्या पुढे, तोंड मोर्चाकडे करून उलटी चालत होते. फोटोत चेहरे हवे असले की आम्हा पेपरवाल्यांना असंच चालावं लागतं. म्हणून आम्ही जोडीनं जातो. एकानं फोटो काढायचे, दुसऱ्यानं मागून त्याचा कमरेचा पट्टा धरून खड्डे, खांब सांभाळायचे. माझा पट्टा धरणारा लंबू हल्ली लग्नाचे फोटो काढतो. तिथे दगड येत नाहीत, जेवण येतं, म्हणतो. तेव्हापासून मी एकटीच आहे. तुला सांगितलं नव्हतं, कारण दगड लागून माझ्या कपाळाला टाके पडल्यापासून तू हे काम सोड म्हणून आधीच धोशा लावला होतास.

तर ऑफिसात फोटो बघत बसले होते. बंद पडलेला दवाखाना उघडा, अशी घोषणा चाललेली, त्यामुळे सगळ्यांची तोंडं ‘डा’वर वासलेली. आणि त्यांच्यात तू! हातात भाजीची पिशवी, चष्मा नाकावर घसरलेला. मी खुर्चीतून पडायचीच बाकी होते. घरात कधी आवाज न चढवणारी माझी आई गळ्याच्या शिरा ताणून ओरडतेय! पण तुझे ओठ मात्र गोल. मी आरशासमोर उभं राहून त्या दिवशीच्या सगळ्या घोषणा म्हणून पाहिल्या. एकीनंही ओठ तसे होईनात. उपसंपादकबाईंना वाटलं, माझं डोकं फिरलं.

त्याच्या पुढचा फोटो वाकडा आलाय, अर्धा रस्ता नि अर्धं आभाळ. तेव्हा कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटून मी दचकून थांबले होते. वळून पाहिलं तर टाचेशी गटार उघडं, झाकणाचा पत्ता नाही. नशीब म्हटलं आणि पुढे गेले. आता आरशात पाहत हळूच म्हणून पाहिलं, माऊ. ओठ हुबेहूब तुझ्यासारखे झाले. या नावानं मला दुसरं कुणी हाक मारत नाही.

मग मला चैन पडेना. जुने फोटो काढले. शिक्षकांच्या मोर्चात खांबाआड तीच पिशवी. पाणी मागणाऱ्या बायकांत तोच घसरलेला चष्मा. टाके पडल्यापासून एकही मोर्चा तू चुकवलेला नाहीस! बाबांना काय सांगून निघतेस गं? भाजी खरंच घेतेस का? की आता घोषणाही पाठ झाल्यात?

मला खूप रडू आलं, सांगूनच टाकते. हे काम मी सोडणार नाही आणि तुझी काळजीही सुटणार नाही. पण एवढ्या लांबून ओरडून किती वेळा वाचवशील? घसा बसेल. सोमवारी बस कामगारांचा मोर्चा आहे. येणारच आहेस, तर गर्दीत लपू नकोस. पिशवी घरी ठेव, पुढे ये आणि माझा पट्टा धर.

तुझीच,
माऊ