प्रभूची खुर्ची स्वयंपाकघरात

बाई, मागच्या रविवारी आपल्या चर्चमध्ये माझं नाटक झालं. माझं म्हणजे मी रचलेलं. तुम्ही म्हणाल, चौथीत शाळा सुटलेली ही, हिनं कसलं नाटक रचलं? पण रचलं खरं. लोक पोट धरून हसले, शेवटी काहीजणी डोळ्याला पदर लावून बसल्या, आणि तेव्हापासून मी घरात गाणी म्हणत फिरतेय. सून म्हणते, आई, जरा एका जागी बसा. बसू कशी? कुणाला तरी सगळं पहिल्यापासून सांगायला पाहिजे, आणि ज्यांना सांगावं त्या तुम्ही एकट्या. तुम्हाला जाऊन तर चाळीस वर्षं होऊन गेली. म्हणून नातीच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं घेतलीत. अक्षर बघू नका. तुम्ही माझ्या अक्षराला मुंग्यांची मिरवणूक म्हणायचात. आता मुंग्या म्हाताऱ्या झाल्यात, एवढाच फरक.

तुमची रविवारची शाळा मला अजून दिसते. डिलाईल रोडच्या चाळीतली आम्ही वीसपंचवीस पोरं, नाकं पुसलेली नाहीत, आणि तुम्ही इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत. दुसऱ्या चर्चमध्ये नाताळला तेच ते नाटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले मेंढपाळ. तुम्ही मात्र दरवर्षी नवं करायचात. तुमचे मेंढपाळ गिरणीतून सुटून यायचे, अंगाला कापूस चिकटलेला. आणि जागा नाही म्हणणारा घरमालक म्हणायचा, "अहो, नळाला आधीच पाणी नाही, त्यात बाळंतीण कुठं घेऊ?" आमचे वडील गिरणीतले, कधी न हसणारे, ते सुद्धा त्या वाक्याला हसले होते. तुम्ही हातात कागद द्यायचा नाहीत. विचारायचात, "तुझ्या दारात असं कुणी आलं तर तू काय बोलशील?" आणि आम्ही जे बोलू त्यातलं चांगलं ते ठेवायचात.

आणि तुमचा नियम. प्रभूचं काम कुणी करायचं नाही. स्टेजवर एक वेताची खुर्ची, तुमच्या घरून आणलेली, तिच्यावर पांढरं फडकं. सगळ्यांनी खुर्चीकडे बघून बोलायचं. प्रभूचं उत्तर कुणी म्हणायचं नाही, मनातल्या मनात पाच मोजायचे आणि मग पुढचं बोलायचं. त्या पाच आकड्यांत हॉल असा गप्प व्हायचा की बाहेरची ट्राम ऐकू यायची. लोक आपापलं उत्तर ऐकत असतील. मला तेव्हा ते कळायचं नाही. मी आपली मोजायची.

त्या वर्षी दोघी बहिणींची गोष्ट होती. प्रभू त्यांच्या घरी पाहुणा येतो. धाकटी त्याच्या पायाशी ऐकत बसते, थोरली रांधून रांधून थकते आणि शेवटी तक्रार करते. मी थोरली. अकरा वर्षांची. आमची आई पण गिरणीत, तेव्हा त्या दिवशी पहाटेपासून पाणी भरलेलं, भाकऱ्या थापलेल्या, धाकट्या भावाला कडेवर घेऊन अनवाणी चालत आलेली. परात घेऊन स्टेजवर गेले, वाक्य बरोबर बोलले, "प्रभू, हिला सांगा ना मला हातभार लावायला." एक, दोन, तीन मोजले, आणि बाई, काय झालं मला अजून सांगता येत नाही, मी बसले. खुर्चीवर. परात मांडीवर घेऊन. सगळा हॉल आधी "अगं!" म्हणाला आणि मग हसायला लागला. सगळ्यात मोठ्यानं हसलं ते तुमचं मेंढरू, तो माझ्याच वयाचा मुलगा, दर नाताळात तुम्ही ज्याला घोंगडं पांघरून रांगायला लावायचात. तुम्ही मला दंडाला धरून पडद्यामागं नेलंत. "ती जागा कुणाची आहे?" मी म्हटलं, "बाई, पाय दुखत होते." तुम्ही म्हणालात, "पाय सगळ्यांचेच दुखतात."

चार दिवसांनी तुम्ही आमच्या खोलीवर आलात. नाटकाचा विषय नाही. पिशवीतून दादरच्या दुकानातल्या चपला काढल्यात, तपकिरी, बंदाच्या, माझ्या पायाला बोटभर मोठ्या. "वाढशील," म्हणालात, आईनं केलेला चहा घेतलात, गेलात. तेरा वर्षांची होईपर्यंत मी त्या पायाला कापडाच्या पट्टीनं बांधून घालत होते. पण नाटकात काही परत उभी राहिले नाही. तुम्ही बोलावलं नाहीत, मीही विचारलं नाही. मग लग्न, मुलं, परळच्या दवाखान्यात आयाचं काम, आणि तुम्ही गेलात त्या दिवशी माझी ड्युटी होती. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा तुमच्या घराला कुलूप होतं.

आता आपल्या चर्चला नवीन पाळकसाहेब आलेत. माझ्या धाकट्याहून लहान, स्कूटरवर फिरतात. ते महिला मंडळात म्हणाले, "महिला रविवारला मोबाइलवरून उतरवलेलं नाटक नको. आपलं नवं करा. देवाच्या वचनातलं, पण घरी जाताना माणसाचं मन हलकं होईल असं. कोण बसवणार?" सगळ्या जणी आपापल्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी." 

दर बुधवारी प्रार्थना झाली की आम्ही मागच्या हॉलमध्ये बसायचो. सहा जणी आणि माझी नात, ती मोबाइलवर सगळं उतरवून घ्यायची. गोष्ट मी सांगितली दोघी बहिणींची, दुसरी कुठली सांगणार? आणि तुमच्यासारखंच विचारलं, "न कळवता प्रभू तुमच्या घरी आला तर काय म्हणाल?" वडाळ्याची एक आहे, बोलायला बिनधास्त, ती म्हणाली, "तोंडानं विचारीन, जेवूनच जाणार ना? आणि मनात प्रार्थना करीन, प्रभू, नको म्हण." हसून हसून आमची पुरेवाट झाली. ते ठेवलं. मग कुकर आला. थोरली ऐकायला दारात आली की कुकरची शिट्टी, की पळाली आत. ती कल्पना माझ्या सुनेची. थोरलीचं काम तिचंच. ती दिवसभर हॉस्पिटलात नर्स आणि संध्याकाळी आमच्या सगळ्यांची स्वयंपाकीण, तिला शिकवायचं काय होतं? धाकटी म्हणजे माझी नात. तिलाही काही शिकवावं लागलं नाही, बाई. घरीसुद्धा ती बसूनच असते.

तर सून तक्रारीच्या वाक्याला आली. पाच मोजले. आणि वळून मला म्हणाली, "आई, आता मी करू काय? खाली बसले तर भात करपणार. आत गेले तर ऐकायला मिळणार नाही." बाई, हेच मला अकराव्या वर्षापासून विचारायचं होतं. शास्त्र तिथं थांबतं. थोरली पुढं काय करते ते कुणी लिहिलं नाही. मी म्हटलं, "खुर्ची उचल."

"काय?"

"प्रभूची खुर्ची उचल आणि आत ने. चुलीपाशी."

सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या. वडाळेकरीण सुद्धा.

नेमकं तेव्हा तुमचं मेंढरू दारात उभं. ते आता कमिटीचं सेक्रेटरी आहे, सफारी घालतं, लोक त्याला घाबरतात. मला म्हणाला, "तुला बाईंचा नियम माहीत नाही? त्या खुर्चीला हात लावायचा नाही. तू एकदा काय केलंस ते अख्ख्या चर्चनं बघितलंय."

"बसत नाहीये रे कुणी. नेतेय."

"खुर्ची हलली तर नाटक नाही. शुक्रवारी कमिटीत ठेवतो विषय."

ते दोन दिवस मला अन्न गोड लागेना. त्याला कोण भितंय, त्याला मी रांगताना बघितलंय. भीती वाटत होती तुमची. वाटायचं, बाई असत्या तर पुन्हा दंडाला धरून विचारलं असतं, ती जागा कुणाची? आणि या खेपेला पाय दुखत होते असं सांगता येणार नव्हतं. एकदा वाटलं, सोडून द्यावं, थोरलीला बसवावं आणि गाणं म्हणून पडदा पाडावा. सुनेला तसं म्हटलं पण. ती भांडी लावत होती. नुसता पातेल्यांचा आवाज वाढला. मला कळलं. प्रार्थना केली आणि ठरवलं, खुर्ची हलणार.

शुक्रवारी कमिटीत पुरुषच जास्त. सेक्रेटरी उभा राहून म्हणाला, "प्रभू स्वयंपाकघरात गेल्याचं शास्त्रात कुठं लिहिलंय?" मला वाचता येतं अडखळत, पण ऐकलेलं मी विसरत नाही, ते तुम्हीच म्हणायचात. मी म्हटलं, "मरणातून उठल्यावर किनाऱ्यावर विस्तव करून मासळी कुणी भाजली होती? शिष्य दमून आले आणि गरम जेवण तयार होतं, ते कुणी केलं? तुझ्या आईनं?" पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. हसू लपवायचं होतं त्यांना. बाकीच्यांनी लपवलं नाही. सेक्रेटरी मात्र हसला नाही. खाली बसला आणि म्हणाला, "उचलायची तर उचला. पण रिकामी खुर्ची उचलतात तशी नको. कुणीतरी बसलंय असं समजून उचला." मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं, त्या मेंढराला सुचलं.

रविवारी हॉल भरलेला. तुमच्या वेळच्या फार तर आम्ही चार जणी. हल्ली पोरांना मराठी वाचता येत नाही, पण हसता येतं. कुकरची शिट्टी नातीच्या मोबाइलमध्ये भरलेली होती, आणि ऐन वेळी मोबाइल मुका. सून दारात उभी, शिट्टी येईना, मी पडद्यामागं प्रभूचा धावा करतेय. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एकीनं तोंडानं "फुर्रर्र" केलं. मग दुसरीनं. पुढच्या शिट्टीला बायकांच्या चार रांगा एकदम! मी जन्मात असलं नाटक बघितलं नाही.

मग तक्रार. पाच आकडे. सुनेनं पदर खोचला, खुर्चीपाशी वाकली, दोन्ही हात खाली घातले आणि उचलली. तुमची वेताची खुर्ची केव्हाच मोडली, आता आहे ती प्लॅस्टिकची, एका हातानं उडेल अशी. पण तिचे दंड थरथरले बाई, पाठ वाकली. ती रोज पेशंट उचलते, वजन कसं असतं ते तिला माहीत. दोन पावलं गेली आणि थांबली. नातीनं आमच्या नाटकाप्रमाणं तिथंच बसून राहायचं होतं. ती उठली. कुणी सांगितलं नव्हतं. गेली आणि दुसऱ्या बाजूनं खुर्चीला हात लावला. घरी ही मुलगी पाण्याचा ग्लास उचलून ठेवत नाही! मायलेकींनी मिळून हळूहळू, न हिंदकळता, खुर्ची चुलीपाशी नेऊन ठेवली. सुनेनं कणीक पुढ्यात ओढली आणि म्हणाली, "हं, बोला आता. ऐकतेय मी." आणि मळायला लागली. मी पाच मोजले, दहा मोजले, पडदा पाडायचं मला सुचेना. शेवटी सेक्रेटरीनंच दोरी ओढली.

त्यानंतरचं खरं तर लिहिणार नव्हते. हे पत्र कुठं पाठवणार? घरात ठेवलं तर नात चुका सुधारत बसेल, म्हणून मी ते माझ्या साड्यांच्या खाली घालणार आहे. तेव्हा लिहूनच टाकते. पाळकसाहेबांनी मला स्टेजवर बोलावलं, हातात माइक दिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आजी, हे असं नाटक करायला तुम्ही कुणाकडून शिकलात?" सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. तुमचं नाव जिभेवर आलं होतं बाई, देवाशप्पथ आलं होतं. मी म्हटलं, "असंच. माझं मला सुचलं."