सुटली की सुटले

१ फेब्रुवारी, रविवार

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. ऑक्टोबरपासून दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते सहा पन्नास मी माझ्या खोलीत दार लावून, कानात इयरफोन घालून, लॅपटॉपवर एका थेरपिस्टशी बोलते. आई गेल्यापासून झोप लागत नव्हती, म्हणून. घरात हे सांगितलं नव्हतं. घरात म्हणजे बाबांना; दोघंच आहोत.

२. नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात बाबांच्या श्रवणयंत्रांना जोडायचा एक छोटा माइक आणला. तो टीव्हीसमोर ठेवला की बातम्या थेट त्यांच्या कानात जातात.

३. हॉलमध्ये मोकळा प्लग नाही. माइक माझ्या टेबलावर चार्जिंगला असायचा.

४. चार्जिंगला लावला की तो बंद होतो, अशी माझी समजूत होती. आधीचा माइक व्हायचा. हा होत नाही. माहितीपुस्तिकेत पान अकरावर तसं लिहिलं आहे.

५. २९ तारखेला तुझं पत्र आलं. त्यात हे वाक्य होतं: “आजारी माणूस जड होतंच गं, पण म्हणून आईच्या माघारी ‘सुटले’ म्हणू नये.”

६. आईबद्दल तो शब्द मी एकदाच तोंडातून काढला आहे. २२ तारखेला, थेरपिस्टजवळ.

७. पत्र आलं त्याच संध्याकाळी बाबांची यंत्रं सफाईच्या निमित्ताने मागून घेतली आणि तपासली. त्यांत वापराची नोंद राहते. ८, १५ आणि २२ जानेवारी, सहा ते सहा पन्नास, माइकवरून ऐकणं चालू. पंधरा तारखेपासून आवाज दोन पायऱ्या वाढवलेला.

पहिल्या दिवशी चुकून ऐकू आलं असेल, हे मी धरून चालते. आवाज चुकून वाढत नाही.

तुला माहीत आहे, मी दिवसभर लोकांच्या कानांतला मळ काढते. नळ्या साफ करते, साचे घेते, पू आलेला असेल तर डॉक्टरांकडे पाठवते. मला कधी किळस आली नाही. त्या संध्याकाळी बाबांची यंत्रं हातात धरवेनात. हातमोजे घालून डबीत टाकली आणि तीनदा हात धुतले. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या घरात ते बापाला आहेत, आणि मीच बसवलेत. माझी स्वतःचीही तेवढीच शिसारी येते: गिऱ्हाइकांना पुस्तिका वाचा म्हणून बजावणारी मी, मी ती वाचली नाही.

थेरपिस्ट तुझ्याच शहरात बसते. जमलं तर समोर येऊन बसा, असं ती पहिल्यापासून म्हणत होती. मी स्क्रीन निवडला, कारण घराबाहेर पडावं लागत नाही आणि कुठे चाललीस असं कोणी विचारत नाही.

बाबांनी तुला नेमकं काय काय सांगितलं, ते मला हवं आहे. गाळू नकोस, वाढवू नकोस. फोन करू नकोस; तू तो स्पीकरवर ठेवून भाजी निवडतेस.

लोभ असावा, कान नसावेत.

तुझी भाची


७ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आहे की पंचनामा? सातव्या कलमापर्यंत पोचेस्तोवर मलाच वाटायला लागलं की आपण चमचे चोरलेत. असो. तुझा राग मला कळतो. बापाने ऐकलं ते चूक, मला सांगितलं ते चूक, आणि मी शहाणी, ते तुलाच लिहून बसले. त्या वेळी मला वाटलं होतं तू त्याच्याशीच काही बोलली असशील. तो मला एवढंच म्हणाला होता, की पोरगी म्हणते आई गेली तेव्हा मी सुटले. कुठे म्हणाली, कोणाला म्हणाली, ते त्याने गिळलं. तुझं पत्र आल्यावर फोन करून त्याला उभा-आडवा झापला, तेव्हा बाकीचं बाहेर पडलं.

पण बाई, एक विचारते, रागावू नकोस. तू त्याला यंत्रं बसवलीस ती ऐकू यावं म्हणूनच ना? पहिल्या गुरुवारी त्याला वाटलं टीव्ही लागलाय. मग आवाज ओळखला. म्हणाला, दीड वर्ष ही माझ्याशी जेवलात का आणि गोळी घेतली का, याच्यापुढे एक शब्द बोलत नाही, आणि इथे भडाभडा बोलतेय. यंत्र काढून ठेवायला हवं होतं, हात वर गेला नाही, म्हणाला. त्या बाईचं त्याला काही ऐकू यायचं नाही, फक्त तुझं. मधे मधे तू गप्प बसलीस की हा आवाज वाढवायचा, तू हळू बोलतेयस असं समजून. गाढव आहे, पण लबाड नाही.

आता मुद्द्याचं. तो स्वतःच मला विचारत होता, की मी नीट ऐकलं ना? ती ‘सुटले’ म्हणाली की ‘सुटली’? आई गेली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, सुटली बिचारी. तूही तेच म्हणाली असशील, असं त्याला फार वाटतंय. तर तू म्हण ना तसं! एका वेलांटीचा प्रश्न आहे. त्याचा कान अधू, तू त्यातली जाणकार, तुझ्या शब्दापुढे तो जाणार नाही. घर शांत होईल.

आणि ते डबड्याशी बोलणं बंद कर. बोलायचंच असेल तर माणसासमोर बसून बोल. माणसाला निदान पाणी तरी विचारता येतं.

अजून एक. तुला सांगू नको म्हणाला होता, पण सांगते, तुझं मन हलकं होईल. तो म्हणाला, खरं तर मीपण सुटलो.

जेवत जा. तब्येतीला जप, आणि या म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या


१५ फेब्रुवारी, रविवार

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ‘मीपण सुटलो’ इथपर्यंत वाचलं आणि पत्र उलटं करून ठेवलं. ते बाबांचं होतं. सांगायचं की नाही, कधी, कोणत्या शब्दांत, हे त्यांनी ठरवायचं होतं. आता ते कधी माझ्याजवळ बोलले तरी मला नव्याने ऐकल्यासारखा चेहरा करावा लागेल. माझं उष्टं त्यांनी तुला वाढलं, त्यांचं उष्टं तू मला वाढलंस. प्रेमाने वाढलंस हे मान्य. उष्टं ते उष्टंच.

वेलांटीबद्दल. तुझी सूचना तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे. ‘ली’ आणि ‘ले’ यांतला फरक बाबांच्या उरलेल्या ऐकण्याच्या अगदी कडेला येतो. त्यांच्या कानांचा आलेख मीच काढला आहे. खोटं बोलले असते तर आलेख दाखवून पटवता आलं असतं. दोन दिवस मी तेच करायचं म्हणत होते. मग स्वतःचीच किळस आली. दुसऱ्यांचे कान तपासून पोट भरायचं, आणि बापाला सांगायचं की तुम्ही बरोबर ऐकलेलं चुकीचं ऐकलंत.

गुरुवारी, ५ तारखेला, काम संपल्यावर मी आमच्या तपासणीच्या बंद खोलीतून थेरपिस्टशी बोलून पाहिलं. त्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही. इतका येत नाही की स्वतःचं गिळणंही ऐकू येतं. रोज मी तिथे लोकांना सांगते, आवाज आला की बटण दाबा. मला एक वाक्य पुरतं बोलता आलं नाही. काउंटरवरच्या बाईंनी दाराच्या काचेतून दोनदा डोकावून पाहिलं. बाराव्या मिनिटाला मी कॅमेरा बंद केला आणि नेटवर्क गेलं असं लिहून पाठवलं.

हेही तुला सांगून टाकते. ऑक्टोबरपासून नेटवर्क गेलं असं मी सात वेळा सांगितलं आहे. एकदाही गेलं नव्हतं.

काल, शनिवारी, मी तुझ्या शहरात येऊन गेले. तुला कळवलं नाही. थेरपिस्टची खोली तुझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर, एका चष्म्याच्या दुकानावर आहे. जिन्यात ओल्या पायपुसण्याचा वास. खुर्चीचं रेक्झिन फाटलेलं, आणि माझ्या आधी कोणी बसलं होतं त्याची ऊब तशीच होती. टोपलीत दुसऱ्या कोणाच्या तरी नाकाचे चुरगळलेले कागद. उभ्यानेच परत फिरावंसं वाटलं. स्क्रीनवर मला ती खांद्यापर्यंत दिसायची. काल तिचे पाय दिसले, चपला काढलेले, एक अंगठा सारखा हलत होता. मला ते आवडलं नाही. तिने माझे हातही पाहिले, तेही आवडलं नाही. पण विसाव्या मिनिटाला पळून जावंसं वाटलं तेव्हा कॅमेरा बंद करायला बटण नव्हतं. मग मी बोलले. आईच्या अंगाखालची चादर बदलताना मला जे वाटायचं ते सगळं, वासासकट. ऑक्टोबरपासून मी त्याच्या कडेकडेने फिरत होते.

म्हणून समोरासमोर. जागा चांगली आहे म्हणून नाही, आणि तू म्हणालीस म्हणून तर मुळीच नाही.

काल घरी परतल्यावर मी बाबांसमोर बसले, माझे ओठ दिसतील अशी, उजेडाकडे तोंड करून. त्यांना सांगितलं की तुम्ही बरोबर ऐकलंत, ‘ले’ म्हणाले, मी सुटले. आणि तुम्ही ऐकत बसलात याची मला अजून किळस येते, हेही सांगितलं. त्यांनी दोन्ही यंत्रं काढली, डबीत ठेवली आणि डबी माझ्याकडे सरकवली. आता ऐकायचं नाही असं त्यांना म्हणायचं होतं, की यापुढे चोरून ऐकणार नाही असं, ते मला कळलं नाही. आज सकाळी डबी त्यांच्या उशाशी परत ठेवली. अकरा वाजेपर्यंत त्यांनी ती उघडली नव्हती. आता मी बाहेर जाऊन पुन्हा बघणार नाही.

आता काम. दर शनिवारी मला अकराची वेळ मिळते आहे. बस पावणेदहाला पोचते, परतीची तीनला. बारापासून अडीचपर्यंत मला बसायला जागा हवी आहे. काल ते अडीच तास मी बसस्टँडवर काढले. तिथल्या बाकाबद्दल लिहीत नाही. तुझी मागची खोली चालेल. अटी तीन: काय बोललीस असं विचारायचं नाही, डोळे लाल का असं विचारायचं नाही, आणि मी कशी दिसत होते हे बाबांना कळवायचं नाही. पाणी विचारलंस तर चालेल.

जमणार नसेल तर तसं लिही, मी बसस्टँडवर बसेन. रुसणार नाही. पण हो म्हणून अटी मोडल्यास तर पुन्हा येणार नाही.

शनिवारची वेळ पक्की करायची की नाही, हे थेरपिस्टला गुरुवारी, २६ तारखेला सांगायचं आहे. तेव्हा तुझं उत्तर बुधवार, २५ फेब्रुवारीपर्यंत माझ्या हातात पडेल असं पाठव. हो किंवा नाही, एवढंच पुरे.

तुझी भाची