कोणाचा खांदा चालेल

मी, भरत धोंडू उतेकर, वय सव्वीस, राहणार कुडपणच्या वाटेवरची आमची वाडी, तालुका पोलादपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने लिहीत आहे. दारू प्यायलेलो नाही, कोणी गळा धरलेला नाही. या वयात मृत्युपत्र कशाला? आंबेनळी घाटात गाडी दरीत गेली की माणसं काढायला मी दोरावर खाली उतरतो, म्हणून.

१. एका संस्थेने आमच्या वाडीत सरसकट सगळ्यांना दरमहा पैसे सुरू केले आहेत. काम करा, नका करू, अट नाही. ते माझ्यामागे कोणाला देता येत नाहीत. मी गेलो की बंद. पण त्यांच्या जोरावर मी भिवंडीचं गोदाम सोडलं आणि हे बिनपगारी दोराचं काम धरलं. आधी गोव्यापर्यंत पायी गेलो, तेही लिहून ठेवतो. परत येताना रेल्वेने वीर स्टेशनला उतरलो तर रिक्षावाला माझे पाय बघून म्हणाला, "पैसे नको देऊस रे, आधी चप्पल घे." असो, ते राहू दे.

२. दोर, हेल्मेट, कड्या बहीण दिशा हिला. तिने महाडच्या कारखान्यातलं पॅकिंग सोडलं ते माझ्या नादाने नव्हे. गाठ तिची माझ्यापेक्षा पक्की बसते. लग्नाचं नाव काढून हा दोर तिच्याकडून कोणी घेऊ नये.

३. घरातला माझा हिस्सा आईला. माझी खुर्ची शेजारच्या येसूबाईला. पैसे सुरू झाल्यावर तिने लोकांच्या भातलावणीला जाणं सोडलं. शिलाई मशीन घेतलं नाही, कोंबड्या पाळल्या नाहीत. दुपारभर उंबऱ्यात बसते. आईला म्हणाली, "इतकी वर्षं वाकूनच होते गो." मला तिचा फार अभिमान आहे.

४. आता शिमग्याचं. आमच्या गावकीत वर्गणी भरेल त्याला पालखीला खांदा द्यायला मिळतो. गेल्या शिमग्याला मी भरली, त्यांनी घेतली. पालखी उठताना हैबतीकाका, गावकीचे अध्यक्ष आणि माझे सख्खे चुलते, मला मागे ओढून म्हणाले, "फुकटच्या पैशाला खांदा नाय. घामाचं आण." म्हणजे वर्गणी चालली, खांदा चालला नाय! श्रावणात टेम्पो दरीत पडला तेव्हा मात्र हाच खांदा सगळ्यांना चालला. मी आणि दिशाने माणसं वर आणली, तेव्हा घाम कुठल्या पैशाचा ते कोणी विचारलं नाही.

५. म्हणून माझ्या तिरडीला दिशा, येसूबाई आणि दोरावरचे सोबती यांनीच खांदा द्यावा. गावकीने हात लावू नये. ज्यांना मी चाललो नाही, ते मला चालत नाहीत.

ठिकाण: पोलादपूर. ९ फेब्रुवारी २०२६, शिमगा तोंडावर असताना.

सही: भरत धोंडू उतेकर

साक्षीदार १: प्रवीण सकपाळ, दोरावरचा सोबती

साक्षीदार २: हैबती रामा उतेकर (मुद्दाम बोलावले)

काकांनी सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलेलं: "सही केली. कलम पाच मान्य नाय. पुतण्याला खांदा मीच देणार."

त्याखाली मी: मग काका, आधी येत्या शिमग्याला मला पालखीखाली घ्या. पाचवं कलम त्याच दिवशी, तुमच्यासमोर खोडतो.