दोन थापा

मी, खाली सही करणारी, वय बासष्ट, ब्राझिलियन जिऊ-जित्सूचा, म्हणजे जमिनीवरच्या कुस्तीचा, वर्ग एकतीस वर्षे चालवणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण म्हणजे काय ते मला विचारा. नव्वद किलोची माणसे रोज माझ्या छातीवर बसत आली आहेत.

कलम १. राहते घर व बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका मुलीला. यात वाद नाही.

कलम २. माझा काळा पट्टा कोणालाही देऊ नये. तो ज्याचा त्याने घाम गाळून मिळवायचा असतो. सरावाचे जाड सुती पोशाख चार आहेत, धुऊन घडी करून ठेवले आहेत. ते नव्या मुलींना द्यावेत. बाह्या ओढून ओढून सैल झाल्या आहेत, त्याला इलाज नाही.

कलम ३. माझ्या थोरल्या भावाला काहीही नाही. "बाईमाणसाला असं लोळणं शोभतं का?" असे तो चारचौघांत म्हणाला होता. मी ते केव्हाच विसरले आहे, तरी इथे नोंद असू द्यावी. त्याची नात मात्र मंगळवारी वर्गाला येते, अंगाला न लागता छान पडते. तिला शिकवत राहावे.

कलम ४. वर्गाखालच्या दुकानातले शिंपीकाका इतकी वर्षे आमची धपाधप ऐकून छताकडे बघत शिव्या घालत आले, आणि आमचे फाटलेले पोशाखही शिवत आले. त्यांना मी मुद्दाम काही ठेवलेले नाही, कारण वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मिळते त्याची साक्ष नको. काका, रागावू नका.

कलम ५. वर्गाची खोली, आतल्या निळ्या मॅटसह, मुलीलाच द्यायची आहे. पण ती अकरा वर्षे वर्गाचा जिना चढलेली नाही. माझी औषधे आणते, काकांच्या स्टुलावर बसते आणि मला खाली बोलावते. याचे कारण लिहिणे भाग आहे.

आमचा पहिला धडा असा: डाव असह्य झाला की समोरच्याच्या अंगावर दोन थापा मारायच्या, आणि त्याने त्याच क्षणी सोडायचे. नवे विद्यार्थी हसतात. "मॅडम, थापा मारायला शिकवता?" "हो बाबा, इथे थापा मारणाराच शहाणा."

अकरा वर्षांपूर्वी एके दिवशी मुलीने मला सगळ्या वर्गासमोर दोनदा हरवले. तिसऱ्या वेळी तिचा हात माझ्या मांड्यांत सापडला. मला चेव चढला होता. तिच्या दोन थापा माझ्या पोटरीवर पडल्या, दोन्ही मला कळल्या, आणि मी सोडले नाही. कोपर निखळले. मग मी सगळ्यांना सांगितले, "हिनेच उशिरा थाप दिली." तिची थाप वेळेवर होती. उशिरा दिली, ही थाप माझी.

हे कलम माझ्यामागे वर्गात सर्वांसमोर वाचावे.

कलम ६. वरचे शेवटचे वाक्य रद्द. वकीलबाईंनी मसुदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अहो, मेल्यावर कशाला? फोन नाही का तुमच्याकडे?" मी त्यांच्या टेबलावरूनच मुलीला लावला. सगळे सांगितले. ती म्हणाली, "आई, मला तर वाटायला लागलं होतं गं, की खरंच मीच उशीर केला."

मला रडू आवरेना. अकरा वर्षे माझ्या पोरीने स्वतःच्याच हातावर शंका घेतली, तीही माझ्यामुळे.

"उद्या वर्गात सांगशील? मी समोर असताना?" तिने विचारले.

"सांगते."

"मग येते."

खोली घ्यायची की नाही, हे तिने तिच्या मनाने ठरवावे. कोणी गळ घालू नये. नको म्हणाली, तर त्याच क्षणी सोडून द्यावे.

हे सर्व स्वतः वाचून, समजून आणि डोळे पुसून सही केली.

ठिकाण: वकीलबाईंचे कार्यालय
शुक्रवार, तारीख नऊ, दुपारी सव्वाचार

साक्षीदार:
(१) सही: शिंपीकाका, जिन्याखालचे दुकान
(२) सही: डॉक्टर, ज्यांनी ते कोपर बसवले आणि ज्यांना मी तेव्हा खोटे सांगितले