प्राध्यापकांचा चष्मा

प्राध्यापक महाशय एर्वे,

"वाचता कुणालाही येतं, अर्थ लावायला इतिहासकार लागतो," असं तू लग्नाच्या वर्षी दिजाँच्या दफ्तरखान्यात मला म्हणाला होतास. मी तिथली साधी कारकून, आणि मला ते वाक्य चक्क आवडलं होतं.

पुढे वीस वर्षं चौदाव्या शतकातले दस्त मी वाचले आणि अर्थ तू लावलास, कारण ते गिचमिड अक्षर तुला कधी लागलंच नाही. एकदा दस्त घेऊन मी तुझ्या वर्गात आले होते, तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, हा शब्द काय आहे?"

"अगं, चष्मा घरी राहिला," तू म्हणालास. चष्मा कपाळावर होता. मी मागून पुटपुटले, "द्राक्षमळा."

"द्राक्षमळा! आंधळ्यालाही दिसेल!" तू गरजलास, आणि पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं.

त्या दस्तांवरच्या तुझ्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तू माझे आभार मानलेस, ते कॉफीबद्दल. कॉफी तर तूच करायचास. तेवढं एक तुला खरंच जमायचं.

आता तू अकादमीत निवडून आलायस आणि ग्रंथाची नवी आवृत्ती निघते आहे. आपली माएल सप्टेंबरात तुझ्याच विभागात येईल. "आई, मला बाबांसारखं जुनं अक्षर वाचायला शिकायचंय," म्हणते.

तू नाहीच म्हणशील, म्हणून आधीची दोन पत्रं टाकलीच नाहीत. तरी मागते: पहिल्या पानावर तुझ्या नावाखाली, बारीक अक्षरात का होईना, "दस्तांचं वाचन: ओदिल" एवढं छाप.

तुझी एकेकाळची बायको,
ओदिल