दोरीनं शिवलेलं जहाज

कटंगी, १४ डिसेंबर, सायंकाळ

सुजाता सात महिन्यांनी घरी आली. समुद्रात बुडालेली जुनी जहाजं शोधायची, हेच माझ्या पोरीचं काम. शेजारच्या काकूनं आल्या आल्या विचारलं, "सोनं भेटलं का पोरी?"

ती हसली. "नाही काकू, फळ्या भेटल्या."

मलेही आधी वाईटच वाटलं. एवढं शिकून फळ्या? मग तिनं कागद उलगडला. भोकं पाडून काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या फळ्यांचं चित्र. खिळा एकही नाही. पाणी इतकं गढूळ, की स्वतःचा हात दिसत नव्हता म्हणे. बोटानं चाचपून एकेक टाका ध्यानात ठेवायचा अन् वर येऊन कागदावर उतरवायचा. अकरा दिवस. अन् शेवटी सारं पुन्हा वाळूनं झाकून आली.

"काहून झाकलं?"

"वर आणून वाळलं तर लाकूड फाटते, आई. तिथंच टिकून राह्यते."

मी ब्लाउज शिवणारी बाई. टाकेच पाहात बसली. एका जागी त्यांचा कल फिरला होता. म्हटलं, "इथून दुसऱ्याच कोणाच्या हातानं शिवलं आहे."

ती चित्राकडं पाहात राह्यली. "हे आमच्या कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं," म्हणाली अन् वहीत लिहून घेतलं.

केवढं काम करते माझी पोरगी. अन् मी फोनवर रोज फक्त जेवली का, एवढंच विचारत आली. भीतीपोटी पाण्याचं कधी विचारलंच नाही. आज विचारलं, तर स्वयंपाक होईपर्यंत ती बोलतच राह्यली.